एकशे चोपन्न

सोमवारी लिफ्ट तपासणीसाठी बंद होती म्हणून मी जिन्याने चढले, आणि माळ उरली.

एरवी माझा जप घरीच संपतो. पहाटे उठून करुणेच्या देवीच्या, ग्वान-यिनच्या पुढ्यातल्या पेल्यातलं पाणी बदलायचं, तीन उदबत्त्या लावायच्या, एकशे आठ नामं घ्यायची आणि ती पुरी होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही, असा तेवीस वर्षांचा नेम आहे. एकट्या बाईला तो जड जात नाही. बोलायला घरात असतं कोण? पण त्या दिवशी उदबत्ती लावते न लावते तोच खालच्या बाईंनी दार वाजवलं. त्यांच्या छतातून माझ्या न्हाणीघराचं पाणी झिरपत होतं, आणि मला बोलावं लागलं. नेम मोडला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ नव्हता, म्हणून माळ कोटाच्या खिशात घालून इस्पितळात आले, आणि लिफ्टच्या दारावर लावलेली पिवळी पट्टी पाहून मला बरंच वाटलं. जिन्यात कुणी नसतं. पायरीला एक नाम धरलं, तर पहिल्या जिन्यात सत्तावीस नामं झाली. आमच्याकडे जमिनीला लागून असतो तोच पहिला मजला, आणि माझी प्रयोगशाळा पाचव्यावर. म्हणजे चार जिने. सत्तावीस चोक एकशे आठ. दाराशी पोचायला आणि माळ पुरी व्हायला एकच गाठ. इतका नेमका बेत कुणीतरी आपल्यासाठी आखून ठेवलाय असं वाटलं, आणि मी मनातल्या मनात नमस्कारही केला. मग ‘पाच’ लिहिलेल्या दारापाशी पोचले तेव्हा बोटांत सत्तावीस मणी शिल्लक होते.

आधी वाटलं, माझंच चुकलं. एखादा जिना नामाशिवाय चढले असेन. मग लक्षात आलं आणि हसू आलं. इथल्या कुठल्याच इस्पितळात चौथा मजला नसतो. तिसऱ्यानंतर पाचवा. आमच्या भाषेत ‘चार’ आणि ‘मरण’ कानाला जवळजवळ सारखेच, म्हणून चार हा मरणाचा आकडा. आजारी माणसाच्या आसपास तो कुणी ठेवत नाही. त्याची खाट नाही, खोली नाही, मजला नाही. एकोणीस वर्षं मी चौथ्या मजल्यावर काम करते आहे आणि त्याला पाचवा म्हणते आहे. हे शेंबडं पोरही जाणतं. पण जाणणं वेगळं आणि पायांनी चढणं वेगळं. मी दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मूठ फिरवली नाही. त्याचा मजल्याशी संबंध नव्हता. मला एक यादी आठवली होती. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीतली, माझ्याच हस्ताक्षरातली.

माझं काम मोजण्याचं आहे. शस्त्रक्रियेत काढलेला गालाचा नाहीतर जिभेचा तुकडा मेणाच्या वडीत बसवतात. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. पेशीला ‘चल, आता एकाची दोन हो’ असं सांगणारं एक प्रथिन असतं. ते ज्या केंद्रकात साचलेलं असेल ते केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल ते निळं राहतं. चांगल्या कातडीत असे तपकिरी ठिपके तळच्या थरात तुरळक दिसतात, कामापुरते. गाठीत ते नको तिथे, नको तितके उठतात. मी भिंगातून पट्टी बघते आणि उजव्या हातातल्या मोजणीयंत्राचा खटका अंगठ्याने दाबत जाते. अंगठा तोच, पहाटे मणी ओढणारा. सुरुवातीला मला यात पाप वाटायचं, मग ते वाटेनासं झालं. दोन्हीकडे मन एका जागी ठेवायचं असतं, एवढंच. हजार केंद्रकांत तपकिरी किती, ते लिहायचं. माणूस कोण, तो जगला की गेला, हे मोजताना कळू द्यायचं नाही अशी रीत आहे, म्हणून पट्टीवर फक्त क्रमांक असतो. तो क्रमांक, अकरा वर्षांपूर्वी ग्वो सरांनी हा अभ्यास काढला तेव्हापासून, मीच देत आले.

सरांना दोन गोष्टींची सांगड घालायची होती. गाठीत ते प्रथिन किती माजलं आहे, ही झाली एक. ती माझी बाजू. दुसरी अशी की ते प्रथिन घडवणाऱ्या जनुकात एका ठिकाणचं एक अक्षर सगळ्यांचं सारखं नसतं. काहींत ते ‘ए’ असतं, काहींत ‘जी’. एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. माणूस हे जन्माबरोबरच घेऊन येतो, सुपारी खावो न खावो. ते रक्तातून वाचायचं, आणि ती बाजू पलीकडच्या इमारतीतली. गाठीतलं माजणं आणि रक्तातलं अक्षर एकत्र ठेवून पाहिलं तर कुणाचं दुखणं उलटेल हे आधी सांगता येईल का, हा प्रश्न. सरांचे स्वतःचे वडील जबड्याच्या गाठीने गेले होते. त्यांनी आम्हाला ते कधी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

यादीतले पहिले तिघे सरळ गेले. चौथा देवळातल्या मूर्तींना वर्ख लावणारा कारागीर होता. त्याची बायको नमुन्याच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराशी आली आणि दोन्ही हातांनी मला संत्र्यांची पिशवी देऊन गेली. जणू संत्री नीट घेतली तर मी नवऱ्याचा तुकडाही नीट घेईन. त्या वडीवर चार लिहायला माझा हात धजेना. मी पाच लिहिलं. कुणाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही वाटलंच नाही. चौदाच्या जागी पंधरा लिहिलं, चोवीसच्या जागी पंचवीस. दर दहांत एक आकडा मी कुणाच्याच वाट्याला येऊ दिला नाही, आणि संध्याकाळी घरी जाताना मन हलकं असायचं. पलीकडच्या इमारतीत रक्ताच्या नळ्यांना यंत्र क्रमांक चिकटवत होतं. यंत्राला कुणाची बायको संत्री आणून देत नाही. एक, दोन, तीन, चार.

गुपित राहावं म्हणून इस्पितळाचा मूळ क्रमांक दोन्ही याद्यांतून काढला होता. राहिला होता फक्त अनुक्रमांक, आणि दोन्ही बाजू जोडल्या त्या त्यावरच. रुग्ण एकशे ऐंशी. त्यांच्या नळ्या एकशे ऐंशीपर्यंत, माझ्या वड्या दोनशेपर्यंत. मुठीवर हात ठेवून उभी असताना मला ते एकदम सगळं दिसलं, आरास मांडलेल्या टेबलासारखं. पहिले तिघे आपापल्या जागी. तिथून पुढे प्रत्येकाच्या गाठीला दुसऱ्याचं रक्त जोडलेलं; आधी एका घराचं अंतर, चौदानंतर दोन घरांचं, असं वाढत गेलेलं. पंगतीत एक पान चुकावं आणि मग शेवटपर्यंत प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पानावर जेवत जावा, तसं. आणि हे दिसताक्षणी मनात आला तो ग्वो सरांचा लेख नव्हे. मनात आला एकशे एकाहत्तर.

एकशे एकाहत्तर म्हणजे माझा थोरला भाऊ.

तो कोबीचा ट्रक चालवायचा. डोंगरातून दुपारी भरायचा आणि उजाडायच्या आत बाजारात लावायचा, आणि त्या सगळ्या वळणांवर त्याच्या उजव्या गालात चुना लावलेली हिरवी सुपारी असायची. आमच्या लहानपणी त्याचं थुंकणं बघून मला वाटायचं, दादाच्या तोंडात कायम काहीतरी पिकलेलं फुटतंय. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच गालात बरी न होणारी जखम निघाली. गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, मांडीचं मांस तोंडात लावलं. शुद्धीवर आल्यावर त्याने पाटीवर मला पहिलं वाक्य लिहून दाखवलं, “आता मी स्वतःचाच पाय चावतो.” नंतरच्या किरणांना तो नाही म्हणाला. डॉक्टर म्हणाले, घ्या; तो म्हणाला, ट्रक गेला, दात गेले, आता थुंकी तरी राहू द्या. दर दोन महिन्यांनी दाखवायला मात्र येत असे. त्याची वडी माझ्या हाती आली तेव्हा माझ्या यादीत एकशे एकाहत्तरची पाळी होती. मी त्याची पट्टी मोजली, तीनदा. हजारात सहाशे तेरा तपकिरी. तिन्ही वेळा सहाशेच्या वरच. मी आकडा लिहिला, मोजणीयंत्र शून्यावर आणलं आणि पुढची पट्टी घेतली. त्या दिवशी आणखी नऊ पट्ट्या मोजल्या, आणि त्यातल्या एकीतही चूक नव्हती.

वर्षभराने दोन्ही बाजू जोडल्या गेल्या. सरांना हवं होतं त्याहून सुरेख उत्तर आलं. तपकिरी जास्त असून दोन्ही अक्षरं ‘ए’ असतील तर माणूस लवकर जातो. तपकिरी कितीही असो, दोन्ही ‘जी’ असतील तर फारसं बिघडत नाही. प्रयोगशाळेत अननसाचा केक कापला. मी तो खाल्ला नाही, त्यात अंडं असतं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेले असताना, मी जोडलेली यादी उघडून एकशे एकाहत्तरची ओळ पाहिली. तसं पाहायचा मला अधिकार नव्हता. जी, जी. खुर्चीवर बसल्या बसल्या मी ग्वान-यिनला इतक्यांदा वाकले की कुणी बघितलं असतं तर पाठ दुखते म्हणून मलम दिलं असतं.

त्याच वसंतात थडगी झाडायच्या दिवशी आम्ही वडिलांच्या टेकाडावर गेलो होतो. दादा गुडघ्यावर बसून गवत उपटत होता, मी शिळेवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसत होते, आणि वहिनी खाली गाडीतून फळं आणायला गेली होती. मी म्हणाले, “दादा, तुझं रक्त वाचलं मी. तुझी जात सौम्य आहे. तुला ते उलटणार नाही.” तो तसाच बसून राहिला, हातात मुळासकट गवत. मग अर्ध्या तोंडाने हसला. दुसरं अर्धं हसायच्या कामाचं उरलं नव्हतं. “ऐकलंत का, बाबा?” तो शिळेला म्हणाला. “तुमची पोरगी सांगते, मला अजून तुमच्याकडे यायचं नाही.” त्यानंतर दाखवायला तो दोनदा आला. गेल्या वर्षीच्या चंद्रोत्सवापासून आलेला नाही. मी विचारलं की म्हणायचा, “सौम्य माणसाला डॉक्टर कशाला?” आणि मी गप्प बसायची, कारण ते वाक्य माझंच होतं, फक्त त्याच्या तोंडून येत होतं.

दार उघडून आत गेले. आकडेवारी बघणारी पेइ-छी सोयादुधाच्या पेल्यात पिठाची तळलेली कांडी बुडवत होती. चाळिशीची आहे, तोंडाची फटकळ, पण कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. मी कोट न काढताच विचारलं, “पेइ-छी, जोडलेल्या यादीत माझ्या बाजूला चौथा क्रमांक आहे का गं?”

“नाही. तो न जुळलेल्यांत.”

“आणि चौदा?”

“तोही. ताई, पोटात काही जाऊ द्या तरी, मग कोडी घाला.”

“चोवीस? चौतीस?”

तिने कांडी पेल्यातच सोडली. पडद्यावर बोट ठेवून ती न जुळलेल्या नळ्यांची रांग वाचत गेली. एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत, एकूण अठरा, आणि प्रत्येकीच्या शेवटी तोच आकडा. मग खुर्ची माझ्याकडे फिरवली. “दोन वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की पलीकडच्यांनी अठरा नमुने नीट ठेवले नाहीत. भांडलेय मी त्यांच्याशी. त्या ल्यू बाईने माझ्याशी बोलणं टाकलंय!”

“मी जाऊन त्यांची माफी मागेन.”

“तुम्ही मुंगी दिसली की वळसा घालून जाता, हे ठाऊक होतं मला. आकड्यालासुद्धा?” असं म्हणून ती हसणार होती, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसली नाही. “बसा आधी,” म्हणाली. “कोट काढा. तुमची वही कुठे आहे?”

पुन्हा जोडायला तिला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी काहीच विचार केला नाही असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मी विचार करत होते की असत्य कशाला म्हणायचं. पंचशीलातलं चौथं शील ते. ते वगळायची सोय नाही. दीक्षा देणाऱ्या वृद्ध भिक्षुणीने सांगितलं होतं, जे खरं मानून बोललं गेलं ते खोटं निघालं तरी शील मोडत नाही. त्या वाक्याला मी बराच वेळ धरून बसले. पण ते कुठूनतरी सैल होतं. थडग्यापाशी मी जे बोलले त्यात काहीतरी असं होतं जे तेव्हाही मला ठाऊक होतं, आणि ते काय, हे मन जवळ जाऊन बघत नव्हतं. जिभेने दुखरा दात टाळत राहावा तसं.

“तपकिरी जास्त, माणूस लवकर जातो,” पेइ-छी पडद्याकडे बघत म्हणाली. “हे आहे तसंच आहे. ते सगळं तुमच्या बाजूचं, त्यात घोळ नव्हताच. पण अक्षरं…”

“अक्षरांचं काय?”

“काही नाही. दोन्ही जी असोत, दोन्ही ए असोत, किती जगले त्याच्या रेघा एकमेकींवर बसल्यात. ताई, अक्षरांनी काहीच होत नाही. निदान आपल्या या एकशे ऐंशींत तरी नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुमचे दादा कितवे?”

तिला ठाऊक होतं तर. इथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मी मोजून ठेवलं होतं: माझा एकशे एकाहत्तर, त्यात वगळलेले सतरा, खरा एकशे चोपन्न. ज्या आकड्यापासून मी सगळ्यांना जपत आले, तो त्याचाच होता. न जुळलेल्या अठरांत त्याची नळी पडून होती, कुणाच्याही गाठीला न जोडलेली. पेइ-छी म्हणाली, बघायचंय का? मी नको म्हणाले. मग बघितलं. जी, जी.

म्हणजे मी त्याला जे सांगितलं ते खरंच होतं. वाचलं होतं दुसऱ्याचं रक्त. एकशे एकाहत्तरची नळी खरी माझ्या यादीतल्या एकशे नव्वदची, एका गिरणीवाल्याची, जो आठ महिन्यांत गेला. त्याच्या अक्षरांवर मी माझ्या भावासाठी नमस्कार घातले होते. पण निघालं तेच, आणि ज्या दिवशी ते खरं ठरलं त्याच दिवशी ते निरुपयोगी झालं. मला आनंदही झाला नाही आणि दुःखही नाही. एखादी किल्ली सापडावी आणि कुलूप लावलेलं दारच भिंतीतून काढून नेलेलं असावं, तसं काहीतरी वाटलं. खिडकीबाहेर लिफ्टवाल्यांची गाडी उभी होती. दोघेजण तिच्या सावलीत बसून डब्यातला भात खात होते, घाईने, मान खाली घालून.

ग्वो सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा लेख गेल्या वर्षी छापून आला होता. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त व्हायचे आहेत. वही उलटी-सुलटी करून त्यांनी पहिलं पान काढलं, तीन आणि पाच यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं, आणि म्हणाले, “मला विचारलं का नाहीत?”

“विचारण्यासारखं वाटलं नाही, सर.”

“हं.” त्यांनी बोट उचललं नाही. “विचारलं असतंत तर मी म्हणालो असतो, बरोबर केलंत. चार कशाला लिहायचा.” मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि चष्म्यावाचून ते अगदी कुणाचे तरी वडील दिसले. लेख मागे घेण्याचं पत्र आपण स्वतः लिहू म्हणाले. मी उठले नाही. “आणखी एक आहे, सर. मी त्यातलं एकाला सांगितलंय. त्याने दाखवायला येणं सोडलं.” अधिकार नसताना यादी उघडली म्हणून रागावणं त्यांच्या हक्काचं होतं, आणि मी त्याची वाट बघत होते. “मग इथे काय करताय?” ते म्हणाले. “पट्ट्या कुठे पळून जात नाहीत.”

दादाच्या गावी, युआनलिनला जाणाऱ्या गाडीत मी खिडकीशी बसले. माळ खिशात होती. उरलेले सत्तावीस मणी मी ओढले नाहीत. नेम दोनदा मोडलेला, एकदा खालच्या बाईंपाशी, एकदा जिन्यात, आणि तिसऱ्यांदा जोडायचा धीर नव्हता. भातशेतं मागे जात होती, मधेच एखादं पत्र्याचं कारखान्याचं छप्पर, एखादं देऊळ. मी काय बोलायचं ते जुळवत होते. दादा, मी चुकले. दादा, यादीत घोळ झाला. दादा, तुझं रक्त चांगलंच आहे, पण चांगल्या रक्ताला आता काही किंमत नाही. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि प्रत्येक वाक्यात मी कुठेतरी बाजूला उभी होते.

तो गच्चीवर होता. ट्रक गेल्यापासून तो शर्यतीची कबुतरं पाळतो. सहा खुराडी, प्रत्येक पाखराच्या पायात संघाने दिलेलं क्रमांकाचं कडं. मला जिन्यात बघून म्हणाला, “कोण मेलं? सोमवारी येत नाहीस तू.” शस्त्रक्रियेपासून त्याची अर्धी अक्षरं तोंडातच राहतात, आम्हाला ती कळतात, परक्याला नाही. त्याच्या मानेला वहिनीचा फुलाफुलांचा रुमाल होता.

“कोणी मेलं नाही. बस जरा.”

“पाखरं उभी आहेत तोवर मी बसत नाही. बोल.”

मी बोलले. गच्चीच्या कठड्याला टेकून, हळू आवाजात, पण काही न गाळता: चौथा मजला, संत्री, वही, नळ्या, एकशे एकाहत्तर आणि एकशे चोपन्न. तो एका करड्या मादीचा पंख बोटांनी उलगडून पिसं बघत होता आणि अधूनमधून ‘हं’ म्हणत होता.

“म्हणजे तू वाचलंस ते दुसऱ्याचं.”

“हो.”

“आणि माझं?”

“तुझंही तेच निघालं.”

“मग तक्रार कशाची आहे?”

“त्याला काही अर्थ नाही, असं निघालं. ते असलं काय, नसलं काय.”

तो हसला. “अकरा वर्षं एवढी शिकलेली माणसं बसलीत यावर. मला विचारलं असतं तर एका सुपारीत सांगितलं असतं.” मग पंख मिटवून त्याने विचारलं, “ज्याचं वाचलंस तो?”

“गेला. आठ महिन्यांत.”

दादाने मादीला खुराड्यात सोडलं आणि दाराची कडी लावली. दुसरं एक पाखरू उचललं, त्याच्या पायातलं कडं माझ्या डोळ्यांसमोर धरलं. चार आकडे, शेवटचा चार. “माझ्याकडे असली पाच आहेत,” तो म्हणाला. “समुद्रावरून सोडतात. घरी येतात ती, आ-युन. यायचं ते येतं, बुडायचं ते बुडतं. कडं कुणी वाचत नाही.” पाखरू त्याच्या हातात डोकं इकडेतिकडे करत होतं. मग तसंच ते हातात धरून, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, “आणि ते तपकिरी? तू पट्टीवर मोजतेस ते. ते तरी माझंच होतं ना?”

“ते तुझंच. मीच मोजलं.”

“किती?”

“हजारात सहाशे तेरा.”

“जास्त आहे?”

“जास्त आहे, दादा.”

त्याने मान हलवली, एखाद्या गाडीचं वजन ऐकावं तशी. “हे तू बाबांच्या थडग्यापाशी नाही सांगितलंस.”

खाली वहिनी नळाखाली भाजी धूत होती. पाण्याचा आवाज गच्चीपर्यंत येत होता. मी म्हणाले, “नाही. ते मी वगळलं.” आणि बोलल्यावर कळलं की गाडीत जुळवलेल्या सगळ्या वाक्यांत हे एकच नव्हतं. तेवीस वर्षांत मी मुंगी मारली नाही, अंडं खाल्लं नाही, आणि सहाशे तेरा हा आकडा माझ्या हाताने लिहिलेला असताना मी त्याच्यापुढे फक्त दोन अक्षरं ठेवली. वृद्ध भिक्षुणीच्या वाक्याखाली जे सैल लागत होतं, ते हे.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला पाय ठेवायला जागा मिळाली असती. त्याने पाखरू आत ठेवलं, हात विजारीला पुसले आणि गळ्यातला रुमाल सोडला. जबड्याच्या खाली, जुन्या व्रणाच्या शेजारी, शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं. त्याने माझी दोन बोटं धरून त्यावर नेली. ते कातडीखाली सरकत नव्हतं.

“केव्हापासून?”

“पाखरं पिसं टाकत होती तेव्हापासून.” म्हणजे उन्हाळा सरताना. “सौम्य आहे म्हटलं. सौम्याची गाठ सौम्यच असणार.” मग माझी बोटं सोडून म्हणाला, “रडतेस कशाला? अजून कुणी मेलं नाही, आत्ताच सांगितलंस ना तू.” मी रडत नव्हते. त्याला तसं वाटलं असेल, किंवा त्याला तसं हवं असेल. वहिनीला सांगायचं काम त्याने माझ्यावर टाकलं, आणि मी जिना उतरून गेले आणि सांगितलं. तिने नळ बंद केला, हात कोरडे केले, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बुधवारच्या चौकोनात बोट ठेवून म्हणाली, “ह्या दिवशी.”

बुधवारी लिफ्ट चालू होती. तोंडाचा बाह्यरुग्ण विभाग आमच्याच मजल्यावर, पलीकडच्या टोकाला आहे. मांडीचं मांस काढल्यापासून दादा जिना टाळतो, म्हणून आम्ही लिफ्टने गेलो. वहिनी कागदांची पिशवी छातीशी धरून मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. पहाटे माझी माळ घरीच पुरी झाली होती, अडथळ्यावाचून, आणि तरी काहीतरी द्यायचं राहिलंय असं बोटांना वाटत होतं. मी पाचचं बटण दाबलं. दादा बटणांच्या रांगेकडे बघत होता. एक, दोन, तीन, पाच, सहा. इतकी वर्षं तो याच लिफ्टने येत-जात होता.

दार मिटलं. “एक,” तो म्हणाला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. लिफ्ट हलली. “दोन.” कोपऱ्यात उभा असलेला एक म्हातारा, ज्याला त्याची अक्षरं कळणं शक्य नव्हतं, उगाच हसला. “तीन.” मग पायाखाली तो छोटा झोका बसला, वर लाल दिव्यात पाच उजळला आणि दार उघडलं. समोर लांबच लांब बाक होते, रुमाल बांधलेली माणसं बसलेली होती, आणि त्यांच्या पलीकडे माझ्या प्रयोगशाळेचं दार.

“चार,” दादा म्हणाला, आणि माझ्या आधी बाहेर पडला.